नववा इंटरव्ह्यू

—नाही, नाही, बोलू नकोस! बोललीस की पॅकला भेगा पडतात. नुसती मान हलव, तीपण हळू. हां. टीवाय बीएमएस ना तू? मार्केटिंग? फायनान्स? अरे वा, म्हणजे हुशार. आमची मनस्वी मार्केटिंगवाली. तुझ्याच कॉलेजची, तीन वर्षं पुढे. कोपरखैरण्यातल्या अर्ध्या बीएमएसच्या पोरी इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी माझ्याच खुर्चीत असतात. आयब्रो करून नोकरी लागत नाही, माहितेय मला— पण नाही लागली की खापर आयब्रोवर फुटतं, आणि आयब्रोवर म्हणजे नमिता आंटीवर!

टेन्शन घेऊ नकोस. मनस्वीची तयारी बघितली असतीस तर हसून मेली असतीस. पार्लर बंद झालं की मी एचआर. हो, मीच! दहावी पास एचआर. ती आरशापुढे उभी, मी इथे पाय वर घेऊन— ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’ एवढं एकच वाक्य यायचं मला. ती इंग्लिशमध्ये घडाघडा बोलायची, मला काही कळायचं नाही, पण ओढणी किती वेळा ओढली ते दिसायचं की. मी म्हणायचे, नापास! ती म्हणायची, आई, एचआर असं तोंडावर नापास म्हणत नाहीत. मग काय म्हणतात? तर ‘आम्ही नंतर कळवतो.’ म्हटलं, म्हणजे मुलाकडच्यांसारखंच— पोहे खाऊन जायचं आणि पत्रिका बघून कळवतो म्हणायचं!

तसंच झालं पण. एका ठिकाणी विचारलं, तुझा मोठा दोष कोणता? तर ही शहाणी खरं सांगून आली— सकाळी उठता येत नाही! अगं, तिथे ‘मी फार मेहनत करते’ असं सांगायचं असतं ना? मलापण ठाऊक आहे. दुसरीकडे जीडीत, त्या ग्रुप डिस्कशनमध्ये, विषय काय होता तोच नीट ऐकला नाही, आणि पाच मिनिटं बोलली. तळवलीहून माझ्या सासूचा, बाळाबाईंचा, दर रविवारी फोन— “लागली का नाय गो नोकरी? नायतर नुसतीच पावडर लावून जाते हाय!” आठ ठिकाणी नकार. पोरगी जेवायला बसायची आणि डाळीत बोट फिरवत राहायची.

मग तो नववा. मोठी कंपनी होती. हॉलमध्ये तीस पोरं, सगळी एकदम ओरडतायत— जीडी कसली, मासळीबाजार. कोपऱ्यात एक पोरगी सारखं बोलायला तोंड उघडते, कोणी बोलू देत नाही. तर मनस्वी म्हणाली, “हिचं आधी ऐकू या ना.” बस. एवढंच बोलली. घरी आली ती रडतच— गेलं, आई, मी एकच वाक्य बोलले. आणि नेमकं तेच त्यांना आवडलं! त्या बाई म्हणाल्या ना मला फोनवर, तुमच्या मुलीनं दुसऱ्याला बोलू दिलं म्हणून आम्ही—

अगं, काकडी पडली बघ. डोळे कशाला उघडलेस?

फोन? आला होता एक. त्या दिवशी तिचा शेवटचा पेपर. मोबाइल बंद करून बॅगेत. फॉर्मवर दुसरा नंबर माझा, तर मला केला. दुपारची वेळ, बाई मराठीच बोलत होत्या, गोड होत्या. अभिनंदन म्हणाल्या. दहा दिवसांत बँगलोर, हो की नाही ते आजच सांगा. आणि मी— मला काय झालं कुणास ठाऊक. एका बाईच्या केसांना मेंदी लावत होते, हात भरलेले, फोन खांद्यात धरलेला. म्हटलं, तिला दुसरीकडे लागली नोकरी. मेल पाठवू नका. तोंडातून निघूनच गेलं.

का म्हणून? तू विचारू नकोस, मीच विचारते रोज. तिचे पप्पा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. बँगलोर म्हणजे— शटर ओढायचं आणि वर जाऊन एकटीनं टीव्ही लावायचा. म्हटलं, पोरगी हुशार आहे, इथेच लागेल कुठेतरी. लागली पण! तुर्भ्याला, विम्याचे फोन करायचे. पहिले सहा महिने लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आता नव्या पोरांना तीच शिकवते, सगळे मॅडम म्हणतात. वाईट नाही काही. चांगलंच चाललंय.

फक्त मागच्या महिन्यात तिच्या ऑफिसात वरची जागा निघाली. म्हटलं, भर की फॉर्म. तर म्हणते, “नको, आई. इंटरव्ह्यू आहे त्याला. मी फोनवर चालते, समोरासमोर नाही चालत. नऊ ठिकाणी बघितलंस ना?” मी कणीक मळत होते. आठ, असं अगदी ओठावर आलं होतं. आठच ठिकाणी, बाळा. खाली बघून मळत राहिले, पाणी जास्त झालं, पोळ्या सगळ्या चिकटल्या.

फॉर्मची शेवटची तारीख उद्या आहे म्हणे. सांगायचं तर आजच सांगायला— तू अशी बघू नकोस गं माझ्याकडे. तू उद्याची तयारी कर. ओढणी घालू नकोस, नाहीतर तूपण ओढत बसशील.

गेट वाजलं का? सात झाले? तीच. चपला काढतेय.

मीट डोळे. मीट म्हणते ना!