तासाभराने कटणारा फोन

टेलिफोन ऑफिसच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. काउंटरवर तरुण कारकून होता.

“बाळा, घरचा फोन तासाभराने आपोआप कटतो रे.”

“आजी, प्लॅन बदललाय. आता फुकट कॉल एका वेळी तासभरच.”

“धाकट्या बहिणीशी दिवसभर चालू असायचा.”

“दिवसभर? एवढं काय बोलता?”

“बोलतोय कुठे? रिसीव्हर ओट्यावर ठेवून दोघी आपापली कामं करतो. तिकडे भांडी आपटली की कळतं, आज स्वारी रागात आहे.”

“मग कटला की पुन्हा लावा. तोही फुकटच.”

“लावला की घाबरते. ‘ताई, काय झालं?’ मग बोलावं लागतं.”

“बोला की दोन शब्द!”

“दोन शब्द झाले की लगेच विचारते, ‘कधी येतेस?’ या गुडघ्यांनी आता मी कुठली जाते!”