हिरव्या उजेडाचा मानकरी

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंप्याचे कान समोरच्या बायकांकडे लागले होते.

"तुमच्या मुलाला टीव्हीवर पाहिलं. ध्रुवाकडच्या हिरव्या उजेडाचं कोडं त्यानेच सोडवलं म्हणे."

"मग. अवकाशात प्लाझ्माच्या लाटा असतात. त्या इलेक्ट्रॉनांना रेटतात, ते सुसाट येऊन हवेवर आदळतात, की पडला उजेड."

"सूनबाईही त्याच्याबरोबरच कामाला ना?"

"ही काय, शेजारीच बसलीय. आत्ताच दाढ काढली, तोंडात कापसाचा बोळा आहे. हिचं काय, नुसती आकडेमोड."

"पण लाटा रेटतात कशा?"

"मीही विचारलं त्याला. चिडलाच. म्हणाला, आई, डोकं खाऊ नकोस, ते हिला विचार."

सुनेने बोळा आणखी घट्ट चावला.