बाबाची जर्मन अन् माझी लेव्हल

अरे, चहा नंतर प्या, आधी माझी जर्मनची लेव्हल ऐका! युनिव्हर्सिटीच्या कोर्सच्या फॉर्मवर मी सरळ तिसऱ्या लेव्हलवर टिक केली. कावून नाही करणार? बाबा भिलाईच्या स्टील प्लांटात अख्खी नोकरी एका जर्मन मशीनवर होते. त्या मशीनवरच्या पाट्या त्यांनी मले लहानपणीच पाठ करून घेतल्या होत्या.

लेव्हल ठरवायले कोर्सच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाजूलेच बसले. मॅडमनं स्क्रीनवर चित्र दाखवलं, गॅसवर चहा उतू जाऊन राहिला होता. म्हणे, काय दिसते ते जर्मनमध्ये सांग.

मी एका दमात सुटली, "तापमान वाढलं! व्हॉल्व्ह बंद करा! लाल बटन दाबा! सगळे बाहेर पळा!"

बाबानं टाळ्या वाजवल्या. मॅडम हसून हसून बेजार. मग त्यांनी जर्मनमध्येच हळूच काहीतरी विचारलं. मी बाबाकडे पाहिलं, बाबानं माझ्याकडे.

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "बेटा, नाम पूछा है."

भेटली पहिली लेव्हल. बाबा अजून भडकून राहिले, "नाव तर फॉर्मवर लिवलंच होतं ना! उद्या आग लागली तर त्या मॅडमले बाहेर कोण काढन?"