‘आमच्या बापा’ कुठल्या भाषेत?

(जून १९४४. विल्नोच्या उत्तरेला, तळ्याकाठचं लिथुआनियन गाव. पोलिश म्हातारी पेत्रोनेला आणि तिच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला पोलिश बंडखोर, लुत्सियान.)

पेत्रोनेला : ...आणि बूट पूस आधी. बंदूक आणलीस म्हणून चिखलही घरात आणायचा का?

लुत्सियान : मावशी, बाजूला हो. चुलीमागे कोण आहे?

पेत्रोनेला : सून. ओली बाळंतीण आहे. बाप्तिस्मा रविवारी, नि तू आजच आहेर घेऊन आलास?

लुत्सियान : ती लिथुआनियन आहे म्हणे.

पेत्रोनेला : अगबाई! हेर लावून शोधलंत की काय? लग्नात तूच नाचलास तिच्याबरोबर. तिच्या पायांचा भुगा केला होतास.

लुत्सियान : थट्टा पुरे! परवा त्यांच्या लिथुआनियन पोलिसांनी आपल्या पोलिश गावात काय केलं, ठाऊक आहे ना? बायका, पोरं, सगळ्यांना भिंतीला लावलं. माझी आत्या होती त्यात.

पेत्रोनेला : तुझी आत्या माझी लहानपणापासूनची मैत्रीण. रडून डोळे सुजलेत माझे, दिसत नाही का तुला? पण मारणारे ते पोलीस तिकडे छावणीत बसलेत, बंदुका घेऊन. तिथे जायची छाती होईना, म्हणून बाळंतिणीवर मर्दुमकी?

लुत्सियान : हुकूम आहे. लिथुआनियन दिसला की गोळी. आपल्या माणसाला हात लावायचा नाही. तिला सांग, ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना पोलिशमध्ये म्हणून दाखव. अडखळली तर...

पेत्रोनेला : हो, देवाचं नाव घेऊनच मारा. सोयीचं पडतं. आधी माझी परीक्षा घे, मान मोठ्यांचा. ऐक. “तेवे मूसू, कुरिस एसी दांगुये...”

लुत्सियान : मावशी! ही तर लिथुआनियन भाषा!

पेत्रोनेला : मग? बोलते पोलिश, भांडते पोलिश. देवाशी मात्र आईनं शिकवलं तसंच बोलते. दुसरं येतच नाही मला. चल, धर नेम.

लुत्सियान : तू आमच्यातली आहेस गं!

पेत्रोनेला : हुकमात कुठे बसते ते बघ बाबा. आणि घरी गेलास की तुझ्या आईचीही परीक्षा घे. आम्हा दोघींना एका बाकावर बसवून माझ्या आईनंच शिकवलं होतं. झोपताना ती इतकं हळू का पुटपुटते, विचारलंस कधी?

लुत्सियान : खोटं बोलतेस.

पेत्रोनेला : विचार की. बंदूक रोखूनच विचार.

बाहेरून आवाज : लुत्सियान! सापडलं का कुणी?

लुत्सियान : नाही! आपलंच घर आहे!

पेत्रोनेला : शाब्बास. शिकलास हो.

लुत्सियान : तोंड बंद ठेव आता. हे शेजारचं घर कुणाचं?

पेत्रोनेला : माझंच.

लुत्सियान : आणि त्याच्या पलीकडचं?

पेत्रोनेला : तेही माझंच.

लुत्सियान : अगं मावशी, घरं तरी किती आहेत तुझी?

पेत्रोनेला : सकाळपर्यंत एकच होतं. आता थेट तळ्यापर्यंत सगळी माझीच.