समुद्राचा वाटा

ऐका रे. कंदिलाची वात जरा बारीक करा. वासू, पाय आत घे तुझे. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही, हुं म्हणायचं ते पण हळूच.

आपल्या गावाच्या उत्तरेला वाळूचा दांडा आहे ना? एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. त्या दांड्यावरची ही गोष्ट. पार टोकाला दांडेवाडी. तेव्हा पूल नव्हता, रस्ता नव्हता. भरती असली तर होडी, नाहीतर वाळूतून पायपीट.

आपल्या गावात येसूबाय नावाची सुईण होती. बाई मोठी खमकी! फाल्गुनातली रात्र. दिवेलागणीला शेवटच्या होडीतून निरोप आला, मथुरेला कळा लागल्यात, मूल आडवं आहे. मथुरा म्हणजे येसूबायची एकुलती लेक, दांडेवाडीला दिलेली. पहिलंच बाळंतपण. आणि आडवं मूल फिरवायचं कसब सगळ्या पंचक्रोशीत एकट्या येसूबायच्या हातात. ती पहाटेच्या आत पोचली नाही तर लेक जाणार, मूलही जाणार. आता बोला!

होडीवाला धाकू म्हणाला, "वयनी, ओहोटी लागली. होडी चिखलात बसेल. आणि चालत तर जाऊच नका. ते कुरव पक्षी बघा, समुद्र सोडून शेतात येऊन बसलेत. कुर्ल्यांनी बिळं बुजवून घेतलीत. आज वारा फिरणार."

"वाऱ्याचं बघत बसू का लेकीचं बघू रे, मेल्या?" असं म्हणून येसूबायनं बोचकं काखेत मारलं आणि निघाली.

आता अंधारात दांडा कसा चालायचे, ठाऊक आहे? कंदील तिथं टिकत नाही. चांदणं नसलं की डोळ्यांचा काही उपयोग नाही. लाटांचा आवाज खाडीच्या तोंडाशीही होतो आणि समुद्राकडंही होतो, त्यामुळं कानांचाही नाही. मग काय करायचं? खाडीचं पाणी उजव्या गालाला लावायचं. रात्री वारा जमिनीकडनं येतो, त्याला मतलई म्हणतात. तो उजव्या गालाला गार लागला की तुम्ही बरोबर. सरळ चालत सुटायचं. आमचे वाडवडील असेच चालले, एकही बुडाला नाही.

येसूबायनं गाल ओला केला. चालली. आभाळात मळभ, एक चांदणी दिसत नाही. पण गालाला वारा लागतोय. बरं वाटलं तिला. मनात एकच, मथुरे, धीर धर गं, आले मी.

अर्धा दांडा सरला असेल. आणि वारा थांबला.

अगदी थांबला! पान हलेना म्हणावं, तर तिथं पान तरी कुठलं? येसूबाय उभी राहिली. अंधारात इकडं तोंड कर, तिकडं कर. तोच गालावर वारा आला. उजव्याच गालावर. पण हा गार नव्हे रे, बोचरा! तिला वाटलं, रात्र चढली म्हणून असेल. तसाच गाल धरून ती चालायला लागली.

इथं चुकली बाई. मतलई केव्हाच पडली होती. हा वारा उत्तरेचा होता. आणि ह्या वाऱ्यावर बसून तोच आला होता. कोण? नाव नाही घेत रात्रीचं. वाट चकवतो तो. ओळखलंत ना? मग गप बसा.

पायाखालची वाळू ओली लागायला लागली. येसूबाय म्हणाली, ओहोटीचं पाणी साचलं असेल. पुढं हाक आली, "आये!"

रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे तिला काय सांगायला हवं? नाही दिली. दुसरी आली, "आये, ये गं!" तरी तोंड मिटून. पण तिसरी हाक हुबेहूब मथुरेची! कळा देताना पोरगी विव्हळते ना, तशी. आईचं काळीज ते. राहवेना. "आले गं बाय, आले!" म्हणून गेली.

झालं! ओ दिली की तुम्ही त्याचे. लगेच समोर उजेड दिसला. निळसर, मिणमिणता. येसूबायला वाटलं, आली वाडी, तो जावयाचा ओटा. ती पळत सुटली.

आणि पायावरनं काहीतरी सरसरत गेलं.

किंचाळली ती! मग दुसरं. मग तिसरं. ओलं, थंड, खरखरीत. सगळी मागून येत होती आणि तिच्या पायांवर चढून पुढं जात होती. येसूबायनं रामाचं नाव घेतलं, वाकली, हिय्या करून एक उचललं. तळहातावर ते वळवळलं. चार वल्ही मारत होतं बिचारं.

कासवाचं पिल्लू!

येसूबायच्या अंगाला घाम फुटला. भुतानं नाही रे, पिल्लानं! कारण कासवाचं पिल्लू जन्मल्या जन्मल्या एकच वाट चालतं. समुद्राची. आणि ही पिल्लं तिच्याच वाटेनं पुढं निघाली होती.

ती मागं वळते न वळते तोच लाट आली, कमरेएवढी. बोचकं गेलं. त्यातली तेलाची बाटली गेली, बाळाला गुंडाळायचं जुनं लुगडं गेलं. ती तेवढी कशीबशी उभी राहिली. मागनं हाक येतच होती, "आये! आये!" ह्या खेपेला तिनं ओ दिली नाही. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण नाही दिली.

ती पिल्लांच्या उलटी चालली. वाकून, हातानं चाचपत, "सांभाळा रे बाबांनो" म्हणत. चालता चालता पायात वेल अडकली. मर्यादवेल! समुद्र जिच्या पलीकडं येत नाही, ती वेल. तिथं बसली आणि लहान पोरासारखी रडली.

रडता रडता हाताला एक काटकी लागली, सुरूची. ती तिनंच रोवली होती, पौषात. मथुरेला डोहाळे लागले होते कासवाच्या अंड्यांचे. तेव्हा खायचे लोक. आता हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. जावई म्हणाला होता, सगळीच काढा. पण आपल्याकडची रीत अशी, की वरची थोडी घ्यायची, खालच्यांना हात लावायचा नाही. तो समुद्राचा वाटा. येसूबायनं तो वाटा ठेवला होता, खुणेला काटकी लावली होती. त्या बोचऱ्या वाऱ्यानं तिला चकवलं, पण वाळूही त्यानंच गार केली. आणि वाळू गार झाली म्हणून त्या वाट्यातली पिल्लं बाहेर पडली.

पुढं येसूबायनं वाऱ्याकडं लक्षच दिलं नाही. पायाखाली मर्यादवेल धरून पहाटेला दांडेवाडी गाठली. रिकाम्या हातांनी. पण लागत होते ते हातच ना! मूल फिरवलं. मथुरा जगली. मुलगी झाली.

कोण मुलगी? ती बघा, दारात बसून सुपारी कातरतेय आणि ऐकत नसल्याचं सोंग करतेय. तुमची आजी! जन्मताना आडवी आली, आणि संसारात किती आडवी आली ते मला विचारा. हसू नकोस गं. ती पिल्लं नसती, तर आज मी एकटाच बसलो असतो ह्या ओट्यावर.

तर पोरांनो, रात्री त्या दांड्यानं जायचं नाही. मेलं तरी नाही. फाल्गुनात तर मुळीच नाही. त्याची भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती ही, की अंधारात तुमचा पाय एखाद्या पिल्लावर पडेल.

चला, उठा. वात वाढवा आता.