जड डबा

— न्हाई सर, स्टेजवर उभं राहून मी तसं न्हाई सांगणार. काल सांगितलं, आता परत सांगतो. बसा तुम्ही, त्या खुर्चीवर बसा, मोडकी न्हाई ती, नुसती हलते. मी हात चालू ठेवतो — दुपारचे डबे परत आलेत, स्वयंपाक व्हायच्या आत घासून पालथे घालायचेत. सिंधुमावशींनी तुम्हाला माझ्याकडं पाठवलं, त्यांचा मान हाय, मेस त्यांची, मी डबे पोचवणारा. पण त्या हाव म्हणल्या म्हणून मीबी हाव म्हणावं, असं कुठं हाय?

तुमचं म्हणणं कळलं मला. चौऱ्याऐंशी डबे, सगळे एकसारखे स्टीलचे, कुणावर नाव न्हाई, नंबर न्हाई, आत कुणाला भाकर, कुणाला पोळी, कुणाला बिनतिखटाचं — आणि हा दयानंद सायकलवर लातूरभर फिरतो न् एकबी डबा चुकत न्हाई. असा माणूस तुमच्या स्मरणशक्तीच्या क्लासच्या उद्घाटनाला पाहिजे. त्यानं माइक धरून म्हणायचं, ही शक्ती मला सरांनी दिली. सर, मी तुम्हाला काल पहिल्यांदा बघितलं. काल दुपारी. पोरं कुठून कुठून येतात इथं शिकायला, आईबापानं काय काय करून पाठवलेली असतात, त्यांच्यापुढं मी हे बोलू? त्याच्या बदल्यात तुमच्या होस्टेलचे दीडशे डबे मावशींना. हे माहीत हाय मला. मी न्हाई म्हणलो तर मावशी मला कामावरून काढतील, हेबी माहीत हाय. काढू द्या.

आणि शक्ती कसली हो? आठवीत गुरुजींनी सतराचा पाढा म्हणायला उभं केलं होतं, सतरा त्रिक एक्कावनच्या पुढं गेलो न्हाई. रोज उभं करायचे, रोज तिथंच अडायचो, पोरं हसायची. एक दिवस दप्तर घेऊन निघालो ते गेलोच न्हाई परत. आजबी येत न्हाई. विचारा. — न्हाई ना विचारणार? बरं.

काल तुम्ही युक्ती सांगितली, एक म्हणजे खांब, दोन म्हणजे बदक, नंबराला चित्र चिकटवायचं. चांगली असेल, परीक्षेला कामाला येत असेल. मी तसं काही करत न्हाई. मी विचारतो. लाजतो मी, खरं हाय, पोरांच्या तोंडाकडं बघून बोलणं जमत न्हाई, म्हणून डब्याकडं बघत विचारतो — भाजी कशी होती? तो म्हणतो, खारट. झालं, लक्षात राहिला. हा बघा, झाकणाला पोचा — मुज्तबाचा, धर्माबादचा. त्याला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत न्हाई. जिन्यावरून पडला त्याच्या हातून, वर मलाच म्हणतो, दयाभाई, तुमच्या डब्याला चालता येईना. यात कुठं बदक हाय?

नंबर होते की. मागच्या वर्षी मावशींनीच टाकले, लाल रंगानं, मोठेमोठे. लई सोपं झालं काम. कुणाला विचारायची गरज न्हाई, बोलायची गरज न्हाई, माझ्यासारख्याला बरंच की. मुलींच्या होस्टेलात तर आत जाताच येत न्हाई, दारावरच्या बाईकडं भरलेली टोपली द्यायची, रिकामी घ्यायची. तर एकेचाळीस नंबर जड आला. दुसऱ्या दिवशी जड. तिसऱ्या दिवशीबी. हाताला कळतं सर, उचलल्या उचलल्या कळतं. पण एकेचाळीसला काय ताप येतो का? मावशींनी विचारलं, हे अन्न परत का येऊन राहिलं? मी म्हणलो, पोरगी गावाला गेली असेल. मला कुठं माहीत होतं? तोंडाला आलं, सांगून टाकलं. — ती खोलीतच होती. जोडीदारीण सुट्टीवर, ही एकटी तापानं पडलेली. चौथ्या दिवशी बाप आला न् खांद्यावर घालून खाली आणलं. टायफॉइड. जगली — हाव, जगली, पण वर्ष गेलं तिचं. बाप दारातल्या बाईला विचारत होता, माझ्या पुनमचा डबा कोण आणतं, त्याला दिसलं न्हाई का? तेव्हा मला तिचं नाव कळलं. मी टोपली धरून तिथंच उभा होतो. — हे तुम्हाला कशाला सांगून राहिलो मी? मावशींनाबी माहीत न्हाई हे. त्यांना वाटतं रंग कच्चा होता, घासून घासून गेला. त्याच दुपारी विटेच्या तुकड्यानं मी खरवडला, चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी. बोटं सोलली.

तर माइकवर नाव घ्यायचंच असलं, तर मी पुनमचं घेईन. तुमच्या बॅनरवर बसतं का बघा. न्हाई बसत. मग झालं. दुसरा कुणी बघा, लातुरात कमी न्हाईत. हा डबा रिकामा, हाबी रिकामा, हा —

थांबा.

हा उमाशंकरचा. किल्लारीचा पोरगा, कडीला निळा दोरा त्यानंच बांधलाय. काल संध्याकाळी अर्धा आला होता, मी म्हणलं क्लासची टेस्ट असेल, घाईत जेवला असेल. आज टोपली पोरांनीच भरून दिली होती, हा तर उघडलाच न्हाई. भात तसाच हाय, वरणाला हात न्हाई.

उठा सर. सायकल तुमच्या खुर्चीमागं हाय. मावशींना काय सांगायचं ते सांगा, पाय घ्या बाजूला.