देशमान्यांची डिकीवाली गाडी

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. मनात ठेवा आणि ऐका.

वस्तू अपशकुनी असते का हो?

म्हणजे बघा, एखादा पलंग, एखादी खोली, एखादी गाडी. तिच्यात काही वाईट घडलं, की ती वस्तूच वाईट झाली का? ...हां, पुढच्या मावशींनी मान हलवली. होय म्हणाल्या की नाही म्हणाल्या, ते काही कळलं नाही! असू द्या मावशी. मलाही बरेच दिवस कळत नव्हतं.

तर आज मी पुराण बाजूला ठेवतो आणि एका गाडीची कथा सांगतो. चारचाकी गाडीची. हसू नका! रथाची कथा सांगितली की हात जोडता, आणि गाडीची म्हटलं की हसता? रथ म्हणजे त्या काळची गाडीच की! सारथी पुढं, बसणारा मागं. एवढं ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

आपल्या बार्शीत नागनाथ घोडके म्हणून आहे. पिठाची गिरणी आहे त्याची. भला माणूस, पण बोलणं नाही! दिवसभर पट्ट्याचा आवाज, त्यात बोलून ऐकू कुणाला जाणार? सवयच मोडली बोलायची. "बारीक का जाड?", "संध्याकाळी या", संपलं भाषण! त्याची बायको उज्ज्वला मला म्हणाली होती, "बुवा, लग्नाला पंधरा वर्षं झाली, सगळं मिळून एक कीर्तनभरसुद्धा बोलले नसतील!"

या नागनाथची आई, तिला सगळे आक्का म्हणतात. पंचाहत्तरीची बाई. तिच्या किडन्या थकल्या. आठवड्यातून दोनदा सोलापूरला जायचं, मशीनवर रक्त साफ करायला. भाड्याच्या जीपनं न्यायचे. आता जीप उंच! आणि आक्काचे गुडघे? त्यांनी तर आधीच राजीनामा दिलेला! एक जण वरून ओढतोय, एक जण खालून ढकलतोय. आक्का म्हणायची, "आरं, हळू! ज्वारीचं पोतं हाय का मी?"

डॉक्टरांनी नागनाथला सांगितलं, उंच गाडीत हिला चढवू नका. बुटकी गाडी बघा, ऐसपैस मागची सीट, आणि चाकाची खुर्ची मावेल अशी डिकी. म्हणजे डिकीवाली गाडी! आता नवी घ्यायची म्हटलं, तर हप्ता एवढा, की जन्मभर गिरणी हप्त्यासाठीच दळायची! जवळ होते साडेतीन लाख. त्यात बसेल ती जुनी बघायची ठरली.

आणि जुनी गाडी म्हटली की एजंट आला! बाबू एजंट. गॉगल डोक्यावर, तीन मोबाईल हातात. मंडळी, तुम्ही कधी जुनी गाडी बघायला गेलाय का? प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते! आणि तो डॉक्टर फक्त रविवारी देवाला जातो! मग मला सांगा, सोमवार ते शनिवार तो दवाखान्यात चालत जातो का?

पहिली गाडी बघितली, चकचकीत! उज्ज्वलाबाईंनी पायाखालचं जाजम उचललं. खाली चिखलाचा वास. पुरात बुडालेली! दुसरी बघितली, तिची तीन दारं एका पांढऱ्या रंगाची आणि चौथं दार वेगळ्याच पांढऱ्या रंगाचं. उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "बाबूभाऊ, तुमच्या डॉक्टरला जरा मार लागलेला दिसतोय!"

मग तिसरी गाडी. आणि या तिसऱ्या वेळेला मला बरोबर घेतलं. का? तर बुवा आहेत, शुभ-अशुभ बघतील! नको म्हणावंसं वाटत होतं. आमच्या घरच्या देवाघरी जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा. मला माझाच दिवस धड दिसत नव्हता, मी दुसऱ्याचा शुभ दिवस काय बघणार? पण आक्का म्हणाली, "चला वं बुवा. घरात बसून भिंतीच बघनार हाव का?" गेलो.

घर होतं मनोहरराव देशमाने यांचं. टेलिफोन खात्यातनं रिटायर झालेले. घरात एकटे. मुलगी हैदराबादला. पोर्चमध्ये गाडी, तिच्यावर कापड झाकलेलं. त्यांनी ते कापड स्वतः काढलं. कसं काढलं सांगू? झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर काढावी ना, तसं! हळू.

चंदेरी रंगाची गाडी. एक ओरखडा नाही. नागनाथनं ओळखीचा मिस्त्री आणला होता. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकला, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "डोळे झाकून घ्या." डिकी उघडली, तर चाकाची खुर्ची घातल्यावर वर अजून चार पिशव्या बसतील! उज्ज्वलाबाईंचा चेहरा खुलला.

माझं लक्ष एका गोष्टीवर गेलं. आतला आरसा, मागचं दाखवणारा, तो वर छताकडे फिरवलेला होता. मला वाटलं, पुसताना फिरला असेल.

नागनाथनं विचारलं, "किती?"

बघा, तिथंही एकच शब्द!

मनोहरराव म्हणाले, "तीन लाख."

अशा गाडीला बाजारात साडेचार कुणीही दिले असते. उज्ज्वलाबाई हुशार. म्हणाल्या, "काका, एवढी स्वस्त का?"

बाबू एजंट मध्येच, "नशीब म्हणा वहिनी, नशीब! चला, पेढे आणू का?"

मनोहरराव म्हणाले, "थांब बाबू. मी सांगतो."

"काका!" बाबूनं कपाळावर हात मारला. "कशाला सांगताय? आधीच्या दोन गिऱ्हाइकांना सांगितलंत. काय झालं? चहासुद्धा न पिता पळाली! गाडी विकायचीय का विकायची नाही?"

"विकायचीय. पण सांगून."

आणि मग ते म्हणाले, "माझी बायको या गाडीत गेली. या मागच्या सीटवर. रात्रीपासून छातीत दुखत होतं, सकाळी सोलापूरला घेऊन निघालो. पोचलो, तोवर ती नव्हती."

मंडळी, उज्ज्वलाबाईंचा हात मागच्या दारावर होता. तो आपोआप खाली आला. त्यांना दोष देऊ नका. तुमचा-माझाही आला असता. घरात आजारी माणूस, त्या माणसासाठी गाडी घ्यायची, त्याच रस्त्यानं न्यायचं, आणि त्याच सीटवर आधीची बाई गेलेली! कुणाचं काळीज धजेल?

नागनाथ माझ्याकडे बघायला लागला. "बुवा, तुम्ही सांगा."

काय सांगू? इतकी वर्षं मंडपात उभा राहून बोललो, पण त्या पोर्चमध्ये मला एक शब्द सुचला नाही!

तेवढ्यात मागं चाकाच्या खुर्चीवरनं आवाज आला. आक्काचा.

"दादा, गाडी कोन चालवत हुतं?"

मनोहरराव म्हणाले, "मीच. दुसरं होतं कोण?"

"आन ती मागं?"

"आडवी होती. उशाला माझी शाल दिली होती."

"मग तू काय करत हुतास?"

"गाडी चालवत होतो, आक्का."

"नुसती चालवत हुतास?"

मनोहरराव म्हणाले, "बोलत होतो. आरशात बघायचो आणि बोलायचो. सिंधू, वैराग आलं बरं का. सिंधू, तुझा तो भजीवाला मागं गेला बघ, आज बंद होता, येताना खाऊ. सिंधू, ऊन लागतंय का गं? सिंधू, वडाळा आलं, आता काय, पोचलोच... आणि डॉक्टर म्हणाले, ती आधीच गेली होती. वैराग सुटल्यावर कधीतरी. म्हणजे वडाळा आलं, हे मी कुणाला सांगत होतो, आक्का? मागं कुणी नव्हतंच. तेव्हापासून त्या आरशात बघवत नाही मला. म्हणून वर फिरवून ठेवलाय."

बाबू एजंटनं डोक्यावरचा गॉगल डोळ्यांवर घातला. पोर्चमध्ये ऊन नव्हतं, बरं का!

आणि आक्का? आक्का म्हणाली, "तिलाच सांगत हुतास."

"आक्का, पण ती—"

"आरं, ऐक तर! मानूस गेला म्हनून लगीच कान बंद हुत्यात व्हय? माझी सासू गेली, तवा श्वास थांबल्यावरबी आमी तिच्या कानात देवाचं नाव घेत हुतो. कशापायी? वाट नवी असती. जानाऱ्याच्या कानावर वळखीचा आवाज पडावा म्हनून! तुझ्या सिंधूच्या कानावर तुझा आवाज हुता. वैराग आलं, वडाळा आलं. तिला वाट सांगत सांगत नेलंस तू. बाईला दुसरं काय पायजे?"

मनोहरराव खाली पायरीवर बसले. आणि रडले. मोठ्यानं. मला वाटतं, पहिल्यांदाच रडले असतील.

आक्का सुनेला म्हणाली, "उज्ज्वला, उठीव मला. त्याच सीटवर बसीव."

"आक्का, अवो..."

"अवो काय? शेवटपतुर जिथं बाईसंगं कुनीतरी बोलत हुतं, ती जागा वंगाळ? मग मी झोपती त्या खोलीला काय म्हनायचं? तिथं तर दिवसभर माझ्यासंगं कुनीच बोलत न्हाई!"

हे ती हसत म्हणाली, मंडळी. पण नागनाथची मान खाली गेली.

आक्का बसली! कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही. आधी टेकली, मग एकेक पाय आत घेतला. टेकून बसली, सीटवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "नागू, गाडी घेऊ. पन माझी एक अट हाय. सोलापूरला जाता-येता तू माझ्यासंगं बोलायचं."

"काय बोलू, आक्का?"

"कायबी! गाव आलं की गाव सांग."

मग चक्कर मारायला निघालो. नागनाथ चालवायला, शेजारी मनोहरराव, मागं आक्का, उज्ज्वलाबाई आणि अंग चोरून मी. नागनाथनं किल्ली फिरवली. आणि मनोहररावांनी हात वर केला. तो छताकडे फिरवलेला आरसा धरला, खाली केला, नीट बसवला. म्हणाले, "असा ठेवा. आक्का दिसल्या पाहिजेत."

गाडी गल्लीतनं निघाली. वळण गेलं, चौक गेला. नागनाथ आरशात बघतोय, शब्द काही येईना! आक्का वाट बघतीय. आणि मग एकदम, "आक्का... भगवंताचं देऊळ आलं बरं का."

आक्कानं खिडकीतनं हात जोडले. म्हणाली, "दिसलं, बाळा. म्होरं?"

म्होरं! आई म्हणतीय, पुढं बोल! मंडळी, हा नागनाथ पुढं असा बोलायला लागला, की परत दारात येईपर्यंत थांबला नाही. उसाचा रसवाला, शाळेची भिंत, कुणाचं नवं दुकान! उज्ज्वलाबाई माझ्या कानात म्हणाल्या, "बुवा, आता थांबवा ह्यांना!"

गाडी घेतली. तीन लाखांतच. बाबू एजंटनं चाकाखाली ठेवायला लिंबं आणली, तर आक्का म्हणाली, "चिरडतुयास कशाला? देशमाने दादाला सरबत करून दे, लई रडलाय." आणि तुम्ही म्हणाल, एवढं ऐकून बाबूनं कमिशन सोडलं असेल. नाही सोडलं! कीर्तन आहे म्हणून खोटं कशाला सांगू?

आक्का अजून आहे. त्याच गाडीतनं जाते, त्याच सीटवर. परवा मला म्हणाली, "बुवा, नागू लई बोलतोय. मला मशीनपेक्षा त्याचाच गुन येतोय."

आता माझं सांगतो, थोडं. आमच्या घरच्या गेल्या, तेव्हा मी उशाशी होतो. हातात हात होता, आणि मी त्यांच्या आवडीचं भजन म्हणत होतो. मध्ये कधीतरी हात थंड झाला. मी भजन पुरं केलं. पुढं कित्येक दिवस मनात एकच घोळायचं, ते शेवटचं कडवं मी कुणाला ऐकवलं? त्या दिवशी पोर्चमध्ये आक्का मनोहररावांना उत्तर देत होती, आणि ते मला मिळालं. तिलाच. तिलाच ऐकवलं.

तर मंडळी, प्रश्न काय होता? वस्तू अपशकुनी असते का? पुढच्या मावशी, आता मान हलवा! ...हां. आता कळलं!

अहो, लोखंड ते लोखंड. त्याला शुभही कळत नाही आणि अशुभही कळत नाही. जिथं माणूस माणसाशी बोलतंय ती जागा शुभ, मग तिथं जन्म होवो नाहीतर मरण. आणि घर नवं, गाडी नवी, पण मागं बसलेल्याकडं कुणी बघतच नाही, तिथं कितीही लिंबं बांधा!

आता कीर्तन संपेल. तुम्ही घरी निघाल. कुणी मोटारीत, कुणी मोटारसायकलवर, कुणी बैलगाडीत. तुमच्या मागं कुणीतरी बसलेलं असेल. आई असेल, बायको असेल, म्हातारा बाप असेल. एवढंच करा. निघताना आरसा नीट करा, आणि बोला. काय बोलू म्हणून विचारू नका. देऊळ आलं, सांगा. वळण आलं, सांगा. घर आलं, सांगा. तुमचं माणूस मागं बसून ऐकतंय, तोवर सांगा.

सुरुवातीला म्हणालो होतो ना, रथाचं ध्यानात ठेवा? अहो, प्रत्यक्ष देव सारथी होऊन पुढं बसला, समोर एवढं युद्ध उभं, तरी तो गप्प बसला नाही! मागच्याशी बोलत राहिला.

आपण तर नुसतं घरी चाललोय.

बोला, विठ्ठल विठ्ठल! आणि मागं वळून बोला.